एंजिनाची विचारपूस

गोंदिया जिल्ह्यात दिवाळी सरली की धानाच्या कापणीची आणि मळणीची एकच धांदल उडते. येथला शेतकरी शेतातल्या उभ्या पिकास काय किंवा पोत्यात भरलेल्या दाण्यास काय, धानच म्हणतो. भात हा त्याच्या ताटात असतो. मळणी झालेले धान आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर येते, तेथे त्याचे वजन होते, आणि तेथून ते भरडाईसाठी गिरण्यांकडे जाते. दर 100 किलो धानामागे गिरणीने 67 किलो तांदूळ सरकारजमा करावयाचा, असा साधारण नियम आहे. गोंदियाच्या परिसरात अशा गिरण्या इतक्या आहेत की, या गावास तांदळाचे शहर म्हणण्याचाच प्रघात पडून गेला आहे.

परंतु अर्जुनी मोरगाव, देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या आडगावाहून धान गिरणीच्या दारापर्यंत आपल्या पायांनी चालत जात नाही. ते ट्रकाने जाते. एक पोते 40 किलोचे धरले, तर 10 टन माल वाहणाऱ्या एका ट्रकात 250 पोती मावतात. एका खेपेत किती घरांचा हंगाम रस्त्याने चाललेला असतो, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. या जवळपासच्या वाहतुकीवर पुष्कळदा जुने ट्रक दिसतात. उमेदीच्या वर्षांत त्यांनी मुंबई-कोलकाता महामार्ग पालथा घातलेला असतो. उतारवयात ते पन्नास-साठ किलोमीटरांच्या खेपा करीत आपल्याच मुलखात फिरत राहतात.

केंद्राचे गोदाम भरले की उरलेली पोती अंगणात रचून त्यांवर ताडपत्री घालावी लागते. मग आभाळ भरून आले म्हणजे सगळ्यांचे डोळे वर लागतात. अवकाळी पाऊस ताडपत्रीची फट शोधून काढतोच. भिजलेले धान कोंब धरते, नाहीतर आतला तांदूळ पिवळा पडतो, आणि वर्षाच्या श्रमाचे मोल एका रात्रीत उतरते. अशा वेळी पहाटे ड्रायव्हर किल्ली फिरवितो, आणि पोत्यांनी भरलेला ट्रक जागचा हलत नाही! ती केवळ ट्रकवाल्याची अडचण राहत नाही. त्यातच दिवस थंडीचे असतात. हिवाळ्यात विदर्भातील सर्वांत कमी तापमानाची नोंद अनेकदा गोंदियाच्या नावावर लागते. पहाटे पारा 8-10 अंशांपर्यंत उतरलेला असतो. थंडीत माणसे उशिरा उठतात, तशी एंजिनेही उशिरा उठतात. मात्र माणसाच्या आळसाचे कारण एकच असते. एंजिनाच्या बाबतीत ते शोधावे लागते.

एंजिन सुरू का होत नाही हे शोधावयाचे, तर ते सुरू कसे होते हे आधी ठाऊक असावयास पाहिजे.

सायकलच्या चाकात पंपाने भराभर हवा भरली की पंपाचे खालचे टोक तापते. तुमच्यापैकी अनेकांनी हा चटका अनुभवला असेल. तेथे विस्तव नाही, ऊन नाही. मग ही उष्णता आली कोठून? हवा दाबली गेली की ती तापते, एवढेच त्याचे कारण. डिझेल एंजिनाचा सारा कारभार या एका गोष्टीवर चालतो. एंजिनात पोलादी नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होत असतो. तो प्रथम नुसती हवा आत ओढतो. मग वर येताना ती हवा तिच्या मूळ जागेच्या सुमारे सतराव्या हिश्शात कोंडतो. या दडपणाने हवेचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्याही वर जाते. नेमक्या त्याच क्षणी एका बारीक तोटीतून डिझेलचा फवारा आत सुटतो आणि तापलेल्या हवेचा स्पर्श होताच आपोआप पेटतो. त्या भडक्याने दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि त्याच रेट्याने ट्रकाची चाके फिरतात. पेट्रोलच्या एंजिनात विजेची ठिणगी पाडून इंधन पेटवितात. येथे ठिणगी नाही की काडी नाही.

ही युक्ती रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची. त्याचा जन्म 1858 साली पॅरिस येथे झाला. त्या काळी कारखान्यांत वाफेची एंजिने चालत, आणि जाळलेल्या कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाई. हा अपव्यय डिझेलला सहन होईना. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चार वर्षे खटपट केल्यावर 1897 साली त्याचे एंजिन तज्ज्ञांच्या कसोटीला उतरले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे 26 टक्के उष्णतेचे त्याने कामात रूपांतर करून दाखविले. वाफेच्या चांगल्या एंजिनांपेक्षाही हे प्रमाण कितीतरी अधिक होते. पुढे 1900 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक लहान एंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालविण्यात आले होते! हा शोधक 1913 साली सप्टेंबरच्या एका रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला, आणि काही दिवसांनी त्याचा देह समुद्रात सापडला. रस्त्यावर त्याच्या एंजिनाचे ट्रक धावू लागले ते त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

आपल्याकडे पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कारखान्याची स्थापना 1946 साली झाली, आणि विहिरीवरचे डिझेल एंजिन शेतकऱ्यांच्या ओळखीचे झाले. 1954 साली टाटांनी डाइमलर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास प्रारंभ केला. खेड्यापाड्यांच्या वाटेवर मिस्त्री नावाचा जो कारागीर उभा राहिला, तो याच ट्रकांच्या शाळेत शिकला. त्याच्यापाशी पदवी नसते. तेलाने माखलेल्या त्याच्या हातांना मात्र एंजिनाची भाषा कळते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डिझेल एंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी पुरतात. पहिली, दट्ट्या पुरेशा वेगाने वरखाली व्हावा. दुसरी, नळकांड्यात भरपूर हवा यावी आणि ती कोंडली जावी. तिसरी, डिझेलचा फवारा वेळेवर व जोराने आत सुटावा. या तिहींपैकी एक जरी उणी पडली, तरी बाकीच्या दोघींचा उपयोग नाही. तेव्हा मिस्त्रीचे पहिले काम पाना उचलण्याचे नसून, यांतली कोणती रुसली आहे ते ओळखण्याचे असते.

किल्ली फिरविल्यावर एंजिन फिरते की मुळीच फिरत नाही, हे आधी पाहावयाचे. सुरुवातीला एंजिन फिरविण्याचे काम एक विजेची मोटार करते; ट्रकवाले तिला ‘सेल्फ’ म्हणतात. तिला वीज बॅटरीतून मिळते. अनेक ट्रकांत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून 24 व्होल्ट दाब मिळविलेला असतो. दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे मंदावले आणि एंजिन कण्हत कण्हत फिरले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर मळ साचला आहे. हा मळ पांढरा-हिरवा भुकटीसारखा दिसतो, आणि तो वीज अडवितो. पुष्कळदा एवढ्या भुकटीपायी माणसे नवी बॅटरी विकत आणतात! गरम पाण्याने ती धुऊन, टोके घासून, तारा घट्ट आवळल्या की काम भागते. दिवे मंद न होता लख्ख राहिले आणि एंजिन मात्र ढिम्म हलले नाही, तर बॅटरीस दोष देऊ नये. वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही, हे समजावे आणि तार, जोड व बटण यांकडे वळावे. थंडीत बॅटरीचा जोर घटतो, आणि एंजिनातील तेलही घट्ट होते. म्हणून हा दोष हिवाळ्यात अधिक आढळतो. एंजिन सावकाश फिरले, तर दाबलेल्या हवेची उष्णता नळकांड्याच्या थंड भिंतीच शोषून घेतात आणि डिझेल पेटत नाही. ‘एंजिन फिरते तर आहे’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही, ते यामुळे.

एंजिन जोरात फिरते, पण पेटत नाही, ही खरी अवघड जागा. येथेच घाईच्या माणसाचा धीर सुटतो.

काही वर्षांपूर्वी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका खरेदी केंद्रावर असा प्रसंग मी पाहिला. सकाळची वेळ होती. आदल्या संध्याकाळी पोती भरलेला एक जुना ट्रक फाटकापाशीच उभा होता. त्यामुळे मागच्या तीन ट्रकांची वाट अडली होती. आभाळ ढगाळले होते. ड्रायव्हरने पंधरा-वीस वेळा सेल्फ मारून पाहिला होता, आणि आता पंपच बिघडला असे ठरवून तो पंप खोलण्याच्या तयारीत होता. क्लीनर पाने मांडून बसला होता. शेतकरी भोवती जमले होते, आणि प्रत्येकाचे मत निराळे होते. इतक्यात नवेगावबांधहून बोलाविलेले मिस्त्री मोटारसायकलवरून आले. वयाने साठीच्या घरातले, अंगाने किरकोळ.

“मिस्त्रीजी, पंप गेला. खोलाच लागते,” ड्रायव्हर म्हणाला.

“थांब बाबू,” मिस्त्री म्हणाले. “मी गेलो म्हणून पंपानं तुले सांगितलं का? अन् इतक्या वेळा सेल्फ काहून मारला? बॅटरीचा जीव घेशील.”

त्यांनी पान्यास हात लावला नाही. आधी चौकशी केली. ट्रक चालता चालता बंद पडला, की सकाळी सुरूच झाला नाही? फिल्टर कधी बदलला? पहिल्यांदा त्रास कधी जाणवला? ड्रायव्हरने आठवून सांगितले की, तीन-चार दिवसांपासून सकाळी वेळ लागत होता. दुपारी मात्र ट्रक पटकन सुरू होई. मिस्त्रींनी मान हलविली. मला त्या वेळी त्या मान हलविण्याचा अर्थ कळला नव्हता. तो पुढे येईल.

नंतर त्यांनी क्लीनरला ट्रक न्यूट्रल करावयास, हँडब्रेक ओढावयास आणि चाकांमागे दगड लावावयास सांगितले. मग बंद करण्याची तार पाहिली. जुना डिझेल ट्रक नुसती किल्ली फिरवून बंद होत नाही. ठिणगीच नसल्यामुळे वीज तोडून काय होणार? एक मूठ ओढून डिझेल तोडावे लागते. ती मूठ पुरती आत गेली नसेल, तर एंजिनास डिझेल मिळत नाही, आणि दिवसभर सेल्फ मारला तरी व्यर्थ. मूठ जागेवर होती. मग टाकीचे झाकण काढून त्यांनी बांबूची स्वच्छ कामटी आत घातली. काट्यावर विश्वास ठेवणे त्यांना ठाऊक नव्हते. कामटी अर्ध्यापर्यंत ओली झाली, डिझेल होते.

“आता एकदाच सेल्फ मार,” ते म्हणाले, आणि स्वतः एंजिनाकडे न पाहता ट्रकाच्या धुराड्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. एंजिन चांगले फिरले. धूर मात्र मुळीच आला नाही.

येथे क्षणभर थांबून त्या नसलेल्या धुराचा अर्थ पाहू. नळकांड्यात डिझेल जाऊन ते न पेटता बाहेर पडले असते, तर पांढरा धूर दिसला असता. धूर नाही, म्हणजे डिझेल आत जातच नाही. टाकीत आहे आणि नळकांड्यात नाही. तेव्हा दोष या दोहोंच्या मधल्या वाटेवर असला पाहिजे. एका नजरेत मिस्त्रींनी निम्म्याहून अधिक ट्रक संशयातून मुक्त केला होता! पंप खोलून बसलेल्या माणसास हे दोन तासांतही साधले नसते.

ही मधली वाट अशी असते. टाकीतून डिझेल ओढून घेणारा एक लहान पंप असतो, त्यास फीड पंप म्हणतात. त्याच्यावर हाताने दाबण्याची एक दांडी असते. तो डिझेल फिल्टरकडे ढकलतो. फिल्टरमध्ये गाळले गेलेले डिझेल मोठ्या पंपात येते. मोठा पंप ते पोलादी नळ्यांतून नोझलकडे, म्हणजे फवाऱ्याच्या तोटीकडे, रेटतो. नोझलचे तोंड स्प्रिंगने घट्ट मिटलेले असते. ते उघडावयास वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 200 पट दाब लागतो. डिझेल द्रव असल्यामुळे दाबले तरी जवळजवळ आकसत नाही. म्हणून पंपाचा सगळा रेटा जसाच्या तसा नोझलपर्यंत पोहोचतो. पण या नळीत हवेचे बुडबुडे शिरले तर? हवा स्पंजासारखी आकसते. पंप रेटतो, हवा दबते. पंप मागे घेतो, हवा फुगते. आणि नोझलचे तोंड मिटलेलेच राहते. एवढे बळकट यंत्र थोड्याशा हवेने लुळे पडते. याला ट्रकवाले ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात. माणूस मनावर घेतो, शंका घेतो, तशी गाडी एअर घेते. शब्द परका असला तरी वाक्याचे वळण अस्सल मराठी आहे, आणि मला ते फार आवडते.

मिस्त्रींनी फिल्टरच्या डोक्यावरचा लहान स्क्रू दोन वेढे सैल केला, आणि फीड पंपाची दांडी हाताने दाबण्यास सुरुवात केली. प्रथम नुसता सुस्कारा ऐकू आला. मग साबणासारखा फेस. मग मोठे बुडबुडे, नंतर बारीक बुडबुडे. आणि शेवटी डिझेलची अखंड, काचेसारखी धार. धार वाहत असतानाच त्यांनी स्क्रू आवळला, कारण धार थांबल्यावर आवळला असता तर हवा पुन्हा आत ओढली गेली असती. तोच प्रकार मोठ्या पंपावरच्या स्क्रूपाशी केला. सांडलेले डिझेल चिंधीने पुसून घेतले. सेल्फ मारताच एंजिनाने दोन वेळा खोकल्यासारखे केले, पांढरा धूर सोडला, आणि ते धडधडू लागले.

शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ड्रायव्हर लगेच चाकांमागचे दगड काढावयास निघाला. मिस्त्री म्हणाले, “हवा निघाली, पण शिरली कुठून? ते पाहू दे. नाहीतर उद्या पहाटे मले पुन्हा बोलावशील.”

पुष्कळ कारागीर आणि पुष्कळ कारागीर नसलेली माणसेही पहिल्या यशावर थांबतात. त्या मिस्त्रींचे मोठेपण मला या प्रश्नात दिसले. एंजिन बंद करून त्यांनी टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडली, मध्ये वीतभर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडली, पुन्हा हवा काढली व एंजिन चालू केले. पारदर्शक नळीतून डिझेलबरोबर एकेक बुडबुडा येताना आम्हा सर्वांना दिसला. म्हणजे हवा टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान शिरत होती. पण नळी तर बाहेरून कोरडी ठणठणीत होती. कोठेही डिझेल ठिबकत नव्हते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पंपाच्या पुढच्या नळ्यांत डिझेल रेटले जाते. तेथे भेग पडली तर डिझेल बाहेर येते व दोष डोळ्यांना दिसतो. पंपाच्या अलीकडच्या नळीत मात्र डिझेल ओढले जाते. तेथल्या भेगेतून डिझेल बाहेर न येता बाहेरची हवाच आत जाते. उसाच्या रसाच्या पेल्यातली नळी चिरलेली असली म्हणजे रस सांडत नाही, पण तोंडात नुसती हवा येते, तसेच हे. त्यात टाकी एंजिनापेक्षा खालच्या पातळीवर. ट्रक रात्रभर उभा राहिला की भेगेतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे परतते. दुपारच्या थोड्या थांब्यात तेवढा वेळ मिळत नाही. सकाळी त्रास आणि दुपारी नाही, हे ऐकून मिस्त्रींनी मान हलविली होती ती यासाठी.

आता त्यांनी बोटावर ग्रीस घेतले आणि एकेक जोड लिंपावयास प्रारंभ केला. एक जोड लिंपावा, पारदर्शक नळीकडे पाहावे. बुडबुडे चालूच असले तर पुढच्या जोडाकडे जावे. सगळे जोड एकदम लिंपून टाकले असते तर बुडबुडे थांबले असते खरे. पण दोष कोणत्या जोडात होता हे कळले नसते. तिसऱ्या ठिकाणी, टाकीजवळच्या रबरी नळीवरील पट्टीपाशी ग्रीस लागताच बुडबुडे विरळ झाले आणि थांबले. पट्टी काढून पाहतात तो रबर सुकून तिच्याखाली केसाएवढी चीर पडलेली. चाकूने त्यांनी नळीचे ते बोटभर टोक कापून टाकले, नळी पुढे ओढून पुन्हा बसविली, पट्टी आवळली. खर्च शून्य; नवी नळी सवडीने घाला, असे मात्र त्यांनी बजावले. दुपारचा पाऊस आला तेव्हा ते चारही ट्रक गिरणीच्या छपराखाली पोहोचल्याचे मागाहून समजले.

सगळ्याच वेळा कारण हवाच असते असे नाही. डिझेलमध्ये पाणी उतरलेले असते. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाफ धरते, आणि थेंब तळाशी जमतात. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते फिल्टरच्या तळच्या स्क्रूतून काढून टाकता येते. म्हणून जाणते ड्रायव्हर टाकी सकाळी न भरता संध्याकाळीच भरतात. कधी टाकीच्या झाकणातले बारीक छिद्र चिखलाने बुजते. मग डिझेल उपसले जाते तसतशी टाकीत पोकळी होते, आणि फीड पंपाला डिझेल ओढवेनासे होते. गिरणीच्या अंगणातली धूळ व धानाचा बारीक कोंडा हवेच्या फिल्टरमध्ये ठासून बसतो, आणि एंजिन गुदमरून काळा धूर सोडते. आणि पांढरा धूर भरपूर येतो, बॅटरी चांगली आहे, तरी एंजिन पेटत नाही, असे दिवसेंदिवस होऊ लागले, तर दट्ट्याच्या कड्या किंवा झडपा झिजून कोंडलेली हवा निसटते आहे, असा तर्क करावा. तो आजार वाटेवरचा नव्हे. त्यास मोठ्या गॅरेजातच नेले पाहिजे.

काही उपाय मी रस्त्यावर पाहिले आहेत, ते मात्र कोणी करू नयेत. थंडीने एंजिन गारठले म्हणून टाकीखाली किंवा एंजिनाखाली चिंध्या पेटवितात. सांडलेल्या डिझेलने तेथे होळी पेटावयास वेळ लागत नाही. बॅटरी तपासताना तोंडात बिडी असू नये, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने भडकतो. बॅटरीच्या तारा सोडताना ट्रकाच्या सांगाड्यास जोडलेली तार आधी सोडावी, आणि जोडताना ती शेवटी जोडावी. नाहीतर पान्याचा स्पर्श सांगाड्याला होऊन तेथेच ठिणगी उडते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये व मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. आणि नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरून तो येतो की नाही हे कदापि पाहू नये. तो फवारा इतक्या दाबाने सुटतो की, कातडी भेदून डिझेल मांसात शिरते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही. पण आत विष पसरते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हातही गमवावा लागतो. असे कोणास झाले तर घरगुती लेप लावीत न बसता त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात न्यावे.

हे सारे जुन्या ट्रकांविषयी झाले. 1 एप्रिल 2020 पासून आपल्या देशात बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू झाले, आणि नव्या ट्रकांत डिझेल केव्हा व किती सोडावयाचे हे विजेवर चालणारा एक लहान संगणक ठरवितो. त्यांच्या नळ्यांतला दाब वातावरणाच्या दाबाच्या हजार-दोन हजार पटींपर्यंत जातो; त्यामुळे जुन्या सवयीने चालू एंजिनाची नळी सैल करणे तेथे जिवावर बेतते. दोष शोधण्यासाठी मिस्त्री आता ट्रकाला एक यंत्र जोडतात, आणि त्याच्या पडद्यावर सांकेतिक आकडे उमटतात. आकडा सांगतो की डिझेलचा दाब कमी आहे. तो का कमी आहे, हे शोधण्याचे काम माणसाकडेच राहते. टाकीत डिझेल आहे ना, फिल्टर तुंबला का, ओढणाऱ्या नळीला चीर आहे का? आणि आजच्या अनेक नव्या ट्रकांतही झाकण उघडून पाहिले, तर डिझेलच्या फिल्टरपाशी हाताने दाबून हवा काढण्याचा तो लहानसा पंप आपल्या जागी बसविलेला दिसतो.